पानिपतची तारीख नेमकी कोणती? दिनांकाच्या मांडणीचा इतिहास

१/ पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, हे सर्वश्रुत आहे. मात्र तत्कालीन मराठी कारकुनाच्या लेखी तो दिवस शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार असा होता.

२/ पेशवाईच्या दफ्तरात त्याच वर्षाची आणखी एक नोंद आढळते: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. हे अरबी संख्यावाचक शब्द आहेत: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. सूर्याने मृग नक्षत्रात प्रवेश केला की हा सन बदलत असे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो.

३/ याच पत्रांत ‘छ’ या अक्षरानंतर हिजरी महिन्याचा चंद्र, म्हणजे चांद्र दिनांक, लिहिलेला असे. दिवस एकच, त्याची रूपे मात्र वाचणारा कोण आणि कागद कोणत्या कामाचा, यांवर ठरत.

४/ गणनापद्धतीचे नाव गळाले की घोटाळा होतो. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी झाला. इंग्रज तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका वापरत. तीनुसार तो दिवस ६ जून १६७४. आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेनुसार तोच दिवस १६ जून ठरतो. दोन्ही तारखा बरोबर आहेत, पण पद्धतीचा उल्लेख नसेल तर वाद अटळ.

५/ संगणकाने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. युनिक्स प्रणालीत काळ १ जानेवारी १९७० पासून मोजला जातो. या मोजणीत पानिपतचा दिवस म्हणजे उणे ७६,३२२ वा दिवस. संख्या आत साठवली जाते. ती पडद्यावर कशी दिसावी, हे भाषेच्या सेटिंगमधून ठरते.

६/ ३/४ हे भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. हा संभ्रम टाळण्यासाठी १९८८ साली आयएसओ ८६०१ हे मानक आले: आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. या क्रमामुळे तारखांची यादी अक्षरक्रमाने लावली तरी कालक्रमानेच लागते.

७/ प्रत्येक भाषेचे असे संकेत युनिकोडच्या सीएलडीआर या संग्रहात नोंदलेले असतात. त्यात मराठीसाठी मूळ निवड देवनागरी अंकांची आहे. हिंदीसाठी मात्र 1, 2, 3 या अंकांची. एकाच लिपीच्या दोन भाषा, पण अंकांचा संकेत निराळा.

८/ याच संग्रहात भारताची राष्ट्रीय दिनदर्शिकाही आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार ती २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, लागू झाली. ही सुविधा असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दिनदर्शिकेचा हा पर्याय निवडता येतो.

९/ आता खरी कसोटी. हा पर्याय निवडून पानिपतची तारीख पाहिली, तर उत्तर येते २४ पौष १६८२. शक तोच, महिनाही तोच. पण जुन्या पत्रांत पौष शुद्ध अष्टमी आहे! यात चूक कोणाचीच नाही. राष्ट्रीय दिनदर्शिकेचा पौष सौर आहे, २२ डिसेंबरला सुरू होणारा. पत्रातला पौष चांद्र आहे. नावे सारखी, मोजणी भिन्न.

१०/ म्हणून जुना कागद वाचणाऱ्याने आकड्यांआधी गणनापद्धती ओळखावी, आणि तारीख उतरवून घेताना तिचे नावही सोबत लिहावे. पडद्यावरची मांडणी एका कळीसरशी बदलता येते. टिपणवहीत पद्धतीविना उतरवलेली तारीख मात्र पुढच्या अभ्यासकाची वाट चुकवते.