‘पिकणे’ या शब्दाचा अर्थविचार

जुन्या वसुली कागदांत ‘पिकले नाही’ असे शब्द आले की ‘पक्व झाले नाही’ असा अर्थ घेण्याचा मोह होतो. आमचे मत निराळे आहे.

व्युत्पत्तीविषयी वाद नाही. ‘पच्’ धातूपासून ‘पक्व’. येथे पाणिनीने निष्ठेच्या तकारास वकार सांगितला आहे. प्राकृतांत त्याची ‘पक्क’ व ‘पिक्क’ अशी दोन रूपे झाली. १२व्या शतकांतील हेमचंद्राच्या व्याकरणांत दोन्ही सिद्ध केली आहेत. पहिल्याच्या वंशांत ‘पक्का’, दुसऱ्याच्या वंशांत ‘पिका’, ‘पिकणे’ व ‘पीक’. एकाने हिशेब पक्के केले, दुसऱ्याने आंबे पिकविले. भाऊवाटणी मौजेची खरी!

अर्थ मात्र पुढे पालटला. तापीकाठी सारंगखेड्यास मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्ताची यात्रा व घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा त्या खोऱ्यांत कापसाची वेचणी चालू असते. बोंडाविषयी ‘फुटले’ असे म्हणतात. तरी ‘यंदा कापूस बरा पिकला’ हा प्रयोग मराठीत रूढच आहे. येथे पक्वतेचा संबंध नाही. उत्पन्न आले, इतकेच. ‘जमीन पिकते’, ‘पिकते तेथे विकत नाही’, यांतही तोच अर्थ. आंबा मात्र झाडावर पाडास लागून अढीत पिकतो. तेथे मूळ अर्थ शाबूत आहे.

यास्तव ‘शेत पिकले नाही’ हा मजकूर नापिकीचा समजावा. पक्वतेचा अर्थ घेतल्यास दुष्काळाचे वर्ष केवळ उशिराच्या कापणीचे ठरते, आणि रयतेने मागितलेल्या सुटीचे कारणच कागदावरून नाहीसे होते.