कवेलूपासून स्लॅबपर्यंत : पांढरकवड्याच्या खोल्यांतील खर्ज

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा आणि त्याच्या भोवतालच्या केळापूर तालुक्यात बंद खोलीत खर्ज घुमण्याची अडचण तशी अलीकडची असून, तिचे मूळ टेबलावरच्या स्पीकरइतकेच घरबांधणीच्या बदलातही आहे. कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) आणि शेतकऱ्यांच्या जुन्या घरांत बांबू, तुराट्या किंवा पऱ्हाटी यांचा कूड विणून त्यावर शेणमातीचा लेप दिला जाई व वर कवेलू किंवा गवत घातले जाई. अशी पातळ भिंत खर्जाच्या दाबाने स्वतः किंचित हलते आणि त्याची ऊर्जा शोषते, तर उरलासुरला आवाज छपराच्या फटींतून निघून जातो. शिवाय ढोल वाजे तो अंगणात; तेथे आवाज परतवणारे छतच नसे.

विटा-सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब आल्यावर हे गणित पालटले. समोरासमोरच्या दोन कठीण पृष्ठभागांतील अंतर ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीइतके झाले की येणाऱ्या-जाणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळून लाट जागीच उभी राहते, आणि तेवढाच स्वर फुगतो. यालाच खोलीचा अनुनाद म्हणतात. दहा फूट अंतरासाठी हा स्वर सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा असतो. लांबी, रुंदी व उंची तिन्ही दहा फूट असली, तर तिन्ही अनुनाद एकाच स्वरावर येऊन पडतात. चौरस खोलीचा हव्यास ऐकणाऱ्याला असा महागात पडतो. त्यात स्पीकरचे टेबल कोपऱ्यात सरकवले की दोन्ही भिंती खर्जाला आणखी बळ देतात, आणि भिंतीला पाठ लावून बसणाऱ्याच्या कानी तो सर्वाधिक पडतो, कारण उभ्या लाटेचा दाब भिंतीपाशीच कमाल असतो.

खोलीतील आवाजाचे शास्त्रीय मोजमाप सुरू झाले ते हार्वर्ड विद्यापीठात. १८९५ मध्ये तेथील एका व्याख्यानगृहात शब्द कळेनात, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजले. मात्र त्यांचे आरंभीचे प्रयोग मुख्यतः ५१२ कंपनांच्या स्वरावर झाले होते आणि खर्जाचा स्वभाव निराळा आहे. कापसाच्या या मुलखात भिंतीला गादी टेकवण्याचा उपाय सहज सुचावा, पण ५६ कंपनांच्या लाटेचा चतुर्थांश सुमारे दीड मीटर भरतो आणि हवेची हालचाल भिंतीपासून तेवढ्या अंतरावर सर्वाधिक असते. म्हणून चार बोटांची गादी वरचे स्वर मऊ करते, खर्जाला मात्र जवळपास स्पर्शही करत नाही. प्रेसिंगमधली घट्ट दाबलेली १७० किलोची कापसाची गाठही फारशी कामाची नाही, कारण तंतूंमधून हवा हलली तरच घर्षण होते. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत सैल रुईचा जाड थर भरल्यास काही उपयोग होतो, पण दहा फुटांच्या खोलीत तेवढी जागा सोडणार कोण?

त्यामुळे टेबल कोपऱ्यातून हलवणे, खुर्ची भिंतीपासून पुढे घेणे आणि टेबलाची फळी थरथरू नये म्हणून स्पीकरखाली रबर किंवा फोम ठेवणे हेच उपाय व्यवहार्य ठरतात. दार उघडे ठेवल्यानेही खर्जाला वाट मिळते, अर्थात शेजाऱ्याच्या दिशेने. अनेक लहान स्पीकरांच्या पेटीला खर्ज वाढवणारे छिद्र असते. बेल प्रयोगशाळेतील थुरास यांना या रचनेचे पेटंट १९३२ मध्ये मिळाले. या छिद्रात कापडाचा किंवा फोमचा बोळा बसवला की खर्ज उतरतो, मात्र छिद्राने स्पीकरच्या पडद्याला दिलेला आधारही त्यासोबत जातो, आणि मोठ्या आवाजात पडदा लवकर फरफरू लागतो.