बिब्ब्याचं नाव काजूला

काजूचं शास्त्रीय नाव ‘ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटाले’. माझ्या मते हे नाव मुळात बिब्ब्याचं आहे आणि काजूकडे ते आयतं आलं आहे. त्यात काजूचा काही दोष नाही. हा उद्योग युरोपातल्या विद्वानांचा.

मी कोकणातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. प्रॅक्टिकलला टेबलावर बोंडूसकट काजू आणि शेजारी गांध्याच्या दुकानातून आणलेला बिब्बा ठेवायची. मुलं नाव घोकून आलेली असत. त्या नावातल्या ‘कार्डिया’चा अर्थ ग्रीकमध्ये हृदय, असं सांगितलं की हमखास कुणीतरी म्हणे, ‘‘मॅडम, हृदय कसलं, ही तर किडनी!’’ बरोबरच होतं त्यांचं. काजूच्या बीत हृदय शोधायला फार मोठी श्रद्धा लागते. बिब्बा मात्र हातात घेऊन बघा: काळाभोर, गुळगुळीत, किंचित चपटा, वर रुंद आणि खाली निमुळता. ग्रीक नाव त्यालाच शोभतं.

आणि ते त्याचंच होतं. युरोपातल्या औषधविक्यांकडे बिब्बा पोचला तो अरबी वैद्यकाच्या वाटेने. तिथे त्याला ‘ॲनाकार्डियम’ म्हणत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये त्याने तिथेच औषधी द्रव्यांवरचा आपला संवादरूप ग्रंथ छापला. त्यातला एक संवाद या ‘अनाकार्दो’वर आहे आणि इथले लोक त्याला ‘बिबो’ म्हणतात, अशी नोंदही त्यात आहे. गोव्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला तो शब्द शोधायला लांब जावं लागलं नसणार.

काजू मात्र परका. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो ब्राझीलहून आणला. तिथल्या तुपी लोकांचा शब्द ‘अकाजू’. त्याचंच पोर्तुगीजांनी ‘काजू’ केलं आणि आपण ते जसंच्या तसं घेतलं. पण युरोपातल्या पंडितांना हे फळ बघून आधीचा बिब्बा आठवला. ही आठवण अगदीच चुकीची नव्हती. दोन्ही झाडांत देठ फुगून मांसल, गोड होतो आणि खरं फळ त्याच्या टोकाला बाहेर लोंबतं. दोघांच्या टरफलात अंग भाजणारं तेल असतं. आमच्याकडे काजू भाजताना तेल पेट घेतं, कच्ची बी फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघतात. बिब्बा उतला की काय होतं ते तर सांगायलाच नको. १६२३ मध्ये बाउहिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने काजूला ‘ॲनाकार्डियमचीच दुसरी जात’ म्हणून नोंदवलं. फ्रान्सच्या तुर्नफोर्ने मात्र ब्राझीलचा शब्द राखून ‘अकाजू’ असं प्रजातीचं नाव वापरलं. ते टिकलं असतं तर आमच्या मुलांचे बरेच मार्क वाचले असते.

ते टिकलं नाही, कारण मध्ये लिनियस आला. १७३७ मध्ये ‘क्रिटिका बोटानिका’ या पुस्तकात त्याने नियम घातला की ज्या प्रजातिनामाचं मूळ ग्रीक किंवा लॅटिन नाही ते बाद. बाकीच्या भाषांतली नावं त्याच्या लेखी रानटी. यात अहंकार होता, तशी सोयही होती. स्वीडनचा माणूस, हॉलंडमध्ये छापलेलं पुस्तक, वाचक इटलीपासून इंग्लंडपर्यंत. या सगळ्यांची सामाईक भाषा लॅटिनच होती. ‘अकाजू’ गेलं आणि औषधविक्यांच्या बरणीवरचं जुनं ग्रीक नाव काजूला चिकटलं. १७५३ च्या ‘स्पेशीज प्लांटारम’मध्ये त्याला ‘ऑक्सिडेंटाले’, म्हणजे पश्चिमेकडचं, ही शेपटी लागली. पूर्वेकडचा कोण, हे त्या शेपटीतच कबूल केलेलं आहे.

नियम करणारा स्वतः तो किती पाळतो, हे बघण्यात मला फार मौज वाटते. धोतऱ्याचं ‘दातुरा’ हे नाव आपल्या ‘धत्तूर’वरून आलेलं, म्हणजे बाद व्हायला हवं. लिनियसला ते सोडवेना. मग त्याने लॅटिनमधलं ‘दारे’, म्हणजे देणे, हे क्रियापद ओढून आणलं: या बिया कामातुर बायका आपल्या थंड नवऱ्यांना देत आल्यात आणि पुढेही देतील, म्हणून दातुरा! हे वर्गात सांगावं की नाही, याचा निर्णय मी समोरची बॅच बघून करी. केळीच्या ‘मूसा’ची तीच गत. शब्द अरबी ‘मौझ’चा, पण रोमन सम्राट ऑगस्टसच्या वैद्याचं नाव अँटोनियस मूसा होतं, तेवढ्यावर केळ पास झाली. आणि आंबा? ‘मँजिफेरा’ म्हणजे दक्षिणेतल्या ‘मांगा’ला लॅटिन ‘फेरो’ची जोड. अर्धं दाक्षिणात्य, अर्धं लॅटिन हे नाव खुद्द लिनियसचं.

या नियमाला तोंडावर विरोध करणारा एकच मोठा माणूस मला दिसतो, मिशेल अदाँसाँ. त्याने १७६३ मध्ये स्थानिक नावं खुशाल प्रजातींना दिली. करंजाचं ‘पोंगामिया’ त्याचंच, मूळ मलबारी. सेनेगलमध्ये पाहिलेल्या गोरखचिंचेला तो ‘बाओबाब’ म्हणे. लिनियसने तिला त्याच अदाँसाँचं नाव लॅटिनमध्ये घालून ‘ॲडान्सोनिया’ केलं. सन्मान म्हणावा की चिमटा, ज्याने त्याने ठरवावं.

राहिला बिब्बा. त्याचं नाव काजूकडे गेल्यावर हा कोणाचाच उरला नाही. लिनियस १७७८ मध्ये वारला. त्याच्या मुलाने बिब्ब्याचं बारसं केलं, ‘सेमेकार्पस ॲनाकार्डियम’. ग्रीकमध्ये ‘सेमेइऑन’ म्हणजे खूण, ‘कार्पोस’ म्हणजे फळ. खुणेचं फळ. हे आमच्या धोब्यांचं काम. बिब्ब्याला सुई टोचायची, टोकावर आलेला चीक कापडाच्या कोपऱ्यावर टेकवायचा, वरून चुन्याचं पाणी लावायचं. खूण काळी पडते, आणि मग धुणं दगडावर कितीही आपटा, ती जात नाही. या धोब्यांना ग्रीकची गंधवार्ताही नव्हती, पण त्यांचं कसब ग्रीक होऊन हर्बेरियमच्या शीटवर बसलं. मला विचाराल तर सगळ्या यादीतलं हे सर्वांत प्रामाणिक नाव आहे, कारण ते कुणीतरी झाड वापरताना पाहून दिलेलं आहे.

जुनं नाव आता बिब्ब्याला परत मिळणार नाही. वनस्पतींच्या नावांची मोजणी १७५३ पासून सुरू होते आणि आधी प्रसिद्ध झालेल्या नावाचा मान आधी, मग ते शोभो वा न शोभो. नियम थोडे सैल झाले आहेत. २०१२ पासून नव्या जातीचं वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत दिलं तरी चालतं. पण नाव मात्र लॅटिनच्या चालीनेच लिहायचं. पुढे काजू, बिब्बा आणि आंबा यांचं मिळून कूळ ठरलं, त्यालाही ‘ॲनाकार्डिएसी’ हेच नाव पडलं. चिकाने ओठ उतवणारा आंबासुद्धा त्या जुन्या बिब्ब्याच्या नावाखाली आला.

औषधविक्यांनी मात्र आपला हिशेब बदललेला नाही. होमिओपॅथीच्या दुकानात ‘ॲनाकार्डियम ओरिएंटाले’ आजही मिळतं. ती बाटली काजूची नव्हे, बिब्ब्याची.