सात पिढ्यांची प्रतीक्षा

एक नोव्हेना झाली, दुसरी झाली, तरी मागणे पदरी पडले नाही की आपले मन खचते. परमेश्वर आपले ऐकत नाही, असे आपण म्हणू लागतो. अशा वेळी आपण जपानच्या ख्रिस्तसभेचा इतिहास आठवावा. त्या इतिहासाशी आपल्या वसईचे रक्ताचे नाते आहे. वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मरण आले.

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमा येथे उतरले आणि जपानात श्रद्धेचे बीज पडले. ते झपाट्याने वाढले. परंतु १६१४ साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू हद्दपार झाले, देवळे पाडली गेली. १६४४ साली फादर मान्शो कोनिशी यांना ठार मारण्यात आले आणि श्रद्धावंत मेंढपाळावाचून उरले. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, अंत्यसंस्काराला धर्मगुरू नाही.

तरीही उराकामीसारख्या खेड्यांत श्रद्धेचा दिवा विझला नाही. एक जण सणांची व उपवासाची दिनदर्शिका सांभाळी, दुसरा बालकांना स्नानसंस्कार देई, तिसरा घरोघरी निरोप पोहोचवी. प्रार्थनांना ते ‘ओराशो’ म्हणत. हा शब्द लॅटिनमधून आलेला. आईबापांनी त्या हलक्या आवाजात म्हणाव्यात आणि मुलांनी त्या पाठ कराव्यात, असा क्रम चालला. अधिकारी त्यांना पवित्र प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. अनेकांनी भयाने तो ठेवला, आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना केली. ते दुर्बळ होते, परंतु त्यांनी प्रार्थना सोडली नाही. सात पिढ्यांनंतर धर्मगुरू परत येतील, असे बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाने सांगून ठेवल्याची परंपरा त्यांच्यात होती.

१८६५ साली नागासाकीत परदेशीयांसाठी ओउरा येथे देऊळ उभे राहिले. ते त्याच सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलेले होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले होते. १७ मार्च रोजी उराकामीची पंधराएक माणसे दाराशी आली. फादर पेतिजाँ प्रार्थना करीत असता एक स्त्री जवळ आली आणि आमचे अंतःकरण आपल्यासारखेच आहे, असे हळूच म्हणाली. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. अडीचशे वर्षांची प्रतीक्षा त्या एका प्रश्नात सामावली होती.

परंतु प्रतीक्षा संपली म्हणून क्रूस टळला नाही. १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक श्रद्धावंतांना हद्दपार करण्यात आले; सहाशेहून अधिक जण तेथेच मरण पावले. १८७३ साली बंदीचे फलक उतरले, तेव्हा उरलेले घरी परतले.

ज्या आजीने पहिल्या पिढीत ओराशो म्हटले, तिला धर्मगुरूचे दर्शन झाले नाही. मधल्या पाच पिढ्यांनाही झाले नाही. त्यांची प्रार्थना व्यर्थ गेली, असे कोण म्हणेल? त्यांच्या ओठांवरूनच ती सातव्या पिढीच्या ओठांवर आली. आपल्याला देवळाची घंटा रोज ऐकू येते, धर्मगुरू हाकेच्या अंतरावर असतात. तरी सायंकाळची रोझरी अनेक घरांतून मावळत चालली आहे. आपल्या प्रार्थनेचे फळ कदाचित आपल्या नातवंडांच्या पदरी पडेल. पण त्यासाठी ती प्रार्थना त्यांनी आपल्या तोंडून ऐकलेली असली पाहिजे.