भिंत, हवा आणि परवाना : फ्रीगंजातल्या तुटणाऱ्या वाय-फायचा इतिहास

फ्रीगंजातले एखादे जुने घर पाडायला निघाले की कारणांची यादी साधारण ठरलेली असते. वाटण्या, गळती, गाडी लावायला जागा नाही. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवे कारण येऊन बसले आहे: "आत नेट येत नाही." जाड भिंती वाय-फाय खातात, मुलाचा लॅपटॉप सारखा तुटतो, सून घरून काम करते तिची मीटिंग मध्येच अडकते; मग हे जुने ठेवून करायचे काय? बाहेरच्याला हे ऐकून हसू येईल. पण घरच्या बैठकीत या कारणाला वजन असते, कारण त्याचा अनुभव रोज येतो. म्हणूनच ते तपासून पाहणे हे आपल्या मंडळाचे काम आहे असे मला वाटते.

मी शिक्षणाने अभियंता. इतिहास हा मागाहून लागलेला नाद. या टिपणात दोन्ही एकत्र आले आहेत, त्याला इलाज नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे: भिंतीवर जेवढा आळ येतो तेवढा तिचा दोष नाही. लॅपटॉपचे नेट तुटण्यामागे हवेतल्या गर्दीचा वाटा मोठा आहे, आणि ही गर्दी कशी झाली याला इतिहास आहे, कायदा आहे, तारीखसुद्धा आहे.

परवान्याची हवा

माधवनगर हे आपल्या वस्तीचे कागदावरचे नाव, फ्रीगंज हे तोंडावरचे. माधवराव शिंद्यांच्या (१८७६–१९२५) काळातली ही वस्ती. रेल्वेलाइनच्या पलीकडे जुने शहर, अलीकडे हे आखीव रस्त्यांचे नवे गाव. वस्ती नवी होती त्या दिवसांत बिनतारी लहरी सरकारच्या मुठीत होत्या. १८८५ च्या तार कायद्याने तारखाते सरकारचे झाले होतेच. १९३३ च्या बिनतारी तार कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात नुसते बिनतारी यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागू लागला. स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, कायदा राहिला. घरात रेडिओ आणला की पोस्टात जाऊन पुस्तिका काढायची आणि दरसाल फी भरून तिचे नूतनीकरण करायचे, हे साठीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेलच. रेडिओची ही फी १९८० च्या दशकात सुटली.

त्या काळात आवाज तुटत नव्हता असे मुळीच नाही. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले, त्यामुळे माळव्याला जवळचे केंद्र मिळाले. पण रेडिओ सिलोन शॉर्टवेव्हवरून यायचे. ती लहर वातावरणातल्या आयनांबराच्या थरावर आपटून खाली येते. एकच लहर दोन वाटांनी आली आणि दोन्हींची ताल-सम जुळली नाही तर त्या एकमेकींना मारतात, म्हणून गाणे ऐन मुखड्यावर बुडायचे. घरातला जाणता माणूस मग उठून जाळीची एरिअल हलवायचा, अर्थिंगच्या नळीत पाणी ओतायचा, काटा केसभर सरकवायचा. दोष कुठे आहे हे क्रमाने शोधायची ही सवय त्या पिढीला रेडिओने लावली. पुढे सगळेच आपोआप चालणारे यंत्र घरात आले आणि ती सवय मोडली.

त्या वेळच्या श्रोत्याला एक गोष्ट मात्र फुकट मिळत होती: आकाशवाणीच्या लहरीवर दुसऱ्या कुणाला बोलायची परवानगीच नव्हती. परवाना जाचक होता, पण तोच कुंपणही होता.

२८ जानेवारी २००५

कुंपण काढायची सुरुवात अमेरिकेत झाली. १९८५ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने काही पट्टे विनापरवाना वापरायला मोकळे केले. त्यातला एक २.४ गिगाहर्ट्झचा. हा पट्टा आधीच उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी सोडलेला होता. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच चालतो. जिथे ओव्हनचा गोंगाट आहे तिथे दुसरे कोण राहायला जाणार? म्हणूनच तो फुकट देणे सोपे गेले. १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक ठरले, १९९९ मध्ये वाय-फाय हे नाव मिळाले, २००३ मध्ये इंटेलच्या सेंट्रिनो संचाबरोबर लॅपटॉपमध्ये वाय-फाय अंगभूत येऊ लागले.

आपल्याकडची तारीख २८ जानेवारी २००५. त्या दिवशीच्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचे काही पट्टे त्याच दिवशी घराच्या आतल्या वापरापुरते सुटले आणि २०१८ मध्ये ते अधिक रुंद आणि बाहेरही मोकळे झाले. जुने दोन्ही कायदे आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यात विसर्जित होत आहेत.

२००५ च्या अधिसूचनेतल्या तीन अटी इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट वाचाव्यात. वापर कसा, तर दुसऱ्याला अडथळा न करता, स्वतःला संरक्षण न मागता, आणि सामायिक. मधली अट महत्त्वाची. शेजाऱ्याच्या राऊटरने तुमचे नेट बिघडवले तर तुमची दाद कुठेही लागणार नाही, हे सरकारने आधीच लिहून ठेवले आहे. वाय-फायचा लहरीपणा हा अशा रीतीने कायद्यातच मान्य केलेला आहे. फुकट मिळालेल्या हवेची ती किंमत. नावातच 'फ्री' आणि 'गंज' असलेल्या वस्तीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. जागा मोकळी मिळाली की बाजार भरतो.

आणि बाजार भरलाच. टॉवर चौकाच्या आसपास खाली दुकान, वर क्लास, त्याच्या वर बिऱ्हाड, शेजारी लॉज, असे मजले चढत गेले. प्रत्येक मजल्यावर एक राऊटर, कॅमेऱ्यांचा वेगळा. लॅपटॉपवर नेटवर्कांची यादी उघडली तर ती सरकवत खाली न्यावी लागते.

गर्दीत बोलायची रीत

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. त्या अलोहा जाळ्याचा नियम सोपा होता: बोलायचे तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोड्या वेळाने पुन्हा बोला. हिशेब मांडल्यावर दिसले की अशा रीतीने वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कारणी लागतो. वाय-फायने यात सुधारणा केली: आधी कान द्या, कुणी बोलत नसेल तरच बोला. बैठकीची रीत हीच. पण बैठकीत माणसे वाढली की प्रत्येकाची पाळी उशिरा येते, आणि भिंतीआडच्या माणसाचे बोलणे ऐकूच आले नाही तर टक्कर ठरलेली.

त्यात २.४ चा पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद. चॅनल तेरा दिसतात, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेले, आणि प्रत्येकाला लागते वीसहून थोडी अधिक जागा. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच: १, ६ आणि ११. शेजारी सहावर असेल आणि आपण 'मोकळा दिसतो' म्हणून चारवर गेलो तर हाल दोघांचेही. एकाच चॅनलवरचे राऊटर निदान एकमेकांचे बोलणे ओळखून थांबतात. अर्धवट अंगावर आलेला मात्र नुसता गोंगाट वाटतो.

भिंतीचा खरा हिशेब

आता आरोपी. लहरी भिंतीतून जातात हे जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये दाखवले होते, तेही आजच्या वाय-फायपेक्षा कितीतरी आखूड लहरी वापरून. भिंत लहर पूर्ण थांबवत नाही, तिचा हिस्सा कापते. विटा-चुन्याची दीड-दोन फुटी भिंत पातळ फाळणीपेक्षा जास्त कापते, ओली असेल तर आणखी, आणि ५ गिगाहर्ट्झला २.४ पेक्षा जास्त. हे खरेच आहे, ते लपवायचे कारण नाही.

पण लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा पाहावा. तो उणे डेसिबलमध्ये असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला तुटातूट सुरू होते. ही मोजपट्टी लॉगरिदमची: ३० चा फरक म्हणजे हजारपट. एक भिंत ओलांडून आकडा उणे ६० असेल आणि तरीही नेट अडकत असेल, तर भिंत निर्दोष सुटली. दोष गर्दीचा किंवा यंत्राचा.

दुसरी बाजूही पाहू. जुने पाडून जे नवे येते त्यात लोखंडी सळ्यांचे स्लॅब असतात, काचांवर धातूचा लेप असतो, लिफ्टचा पिंजरा असतो. धातू लहर परतवतो. जुन्या घरातल्या लाकडी दारांतून आणि वरच्या झरोक्यांतून लहर आरामात जाते. तेव्हा पाडल्याने नेट सुधारेल ही खात्री कुणी देऊ नये.

तपासणीचा क्रम

शिंद्यांनी १९२३ मध्ये जयसिंहाच्या वेधशाळेची डागडुजी करवली त्या गावात तरी मोजल्याशिवाय निकाल देऊ नये. क्रम असा ठेवावा.

पहिले, तुटते कुठे ते पाहावे. बाहेरून येणारी तार, राऊटर, हवा, लॅपटॉप असे चार टप्पे आहेत. लॅपटॉपवरून राऊटरच्या स्वतःच्या पत्त्याला पिंग लावून पाच मिनिटे बघत बसावे. उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत सारखे येत असेल आणि तरी नेट नसेल, तर दोष बाहेरच्या तारेत. कंपनीला फोन करा. राऊटरचेच उत्तर शेकड्यांत उड्या मारत असेल किंवा गळत असेल, तर दोष घरातल्या हवेत किंवा लॅपटॉपमध्ये.

दुसरे, त्याच जागी मोबाइल ठेवून बघावा. मोबाइल ठीक आणि लॅपटॉप तुटतो, तर लॅपटॉपची बॅटरी वाचवण्याची सोय पाहावी. चार्जर काढला की वाय-फायचे कार्ड पेंगायला लागते. सेटिंगमध्ये ते बंद करता येते. कार्डाचा ड्रायव्हर जुना असेल तर नवा घालावा.

तिसरे, आपल्या मंडळींना हमखास भोवणारे. जुने कागद स्कॅन करताना बाहेरची हार्ड डिस्क लावली की नेट गळते, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली. तो भास नाही. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ च्याच पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर टिपण काढले होते. चांगल्या आवरणाची लांब केबल घेऊन डिस्क दूर ठेवावी, किंवा त्या वेळी लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्यावा.

चौथे, जागा. २.४ च्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारतात त्या जागा काही बोटांच्या अंतरावर असतात, म्हणून लॅपटॉप वीतभर सरकवला तरी फरक पडतो. रेडिओ सिलोनचाच हा घरगुती अवतार. राऊटर लोखंडी कपाटात, टीव्हीमागे किंवा आरशाजवळ असेल तर तो आधी बाहेर काढावा.

तार जवळ आणा

उज्जैन स्थानकावर २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगलचे मोफत वाय-फाय आले, ते सिंहस्थाचेच वर्ष. तिथली रचना आठवावी: प्रकाशतंतूची तार थेट फलाटापर्यंत आणलेली, आणि हवेतला प्रवास शेवटच्या काही मीटरांपुरता. जुन्या घराला हाच उपाय लागू. राऊटरपासून आतल्या खोलीपर्यंत नेटवर्कची केबल न्यावी आणि तिथे दुसरे छोटे यंत्र बसवावे. केबल विजेच्या तारांपासून थोडी दूर, लाकडी पट्टीमागून किंवा झरोक्यातून जाते. भिंतीला भोक पाडायचीही गरज बहुधा पडत नाही. जवळ असलेले यंत्र ५ गिगाहर्ट्झवर ठेवले तर जाड भिंत उलट उपयोगी पडते: शेजाऱ्यांचा गोंगाट ती आत येऊ देत नाही. १९३३ च्या कायद्याने दिलेले कुंपण २००५ मध्ये गेले, ते आजोबांच्या भिंतीने परत मिळते. आणि हा सगळा खर्च घर पाडण्याच्या खर्चाशेजारी मांडून बघावा.

शेवटी वाचकांना दोन विनंत्या. घरात 'नेट येत नाही' या मुद्द्यावर घर पाडायची बोलणी निघाली तर आधी वरची मोजमापे एका कागदावर लिहून काढा, आणि तो कागद बैठकीत ठेवा. दुसरी, पोस्टाच्या जुन्या रेडिओ परवान्यांच्या पुस्तिका रद्दीत घालू नका. नाव, पत्ता, दरसालचे शिक्के, सगळे त्यांत आहे. फ्रीगंजात कोणत्या रस्त्यावर, कोणत्या साली, कुणाच्या घरी पहिला आवाज आला, हे सांगणारा याहून चांगला कागद सापडणे कठीण आहे. मंडळाकडे आणून दिल्यास स्कॅन करून मूळ प्रत परत केली जाईल.