दानाचं खातं आणि फ्लोराबाई ससून

केडगाव स्टेशनावर पुण्याकडच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत एक तरी माणूस ‘ससूनला’ निघालेला असतो. अवघड बाळंतपण असो, साप चावलेला असो, भाजल्याची केस असो, आपल्या भागातली माणसं शेवटी ससून गाठतात. पण ससून हे कुणाचं तरी आडनाव आहे, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. आज आम्ही त्या घराण्यातल्या एका नवरा-बायकोची माहिती सांगणार आहोत.

घराण्याचे मूळपुरुष डेव्हिड ससून. जन्म 1792 चा, बगदादचा. ते ज्यू धर्माचे. तिथे जाच वाढला म्हणून ते बाहेर पडले आणि 1830 नंतर मुंबईत येऊन स्थिरावले. पुण्याच्या रुग्णालयासाठी त्यांनी मोठी देणगी दिली. 1864 साली पुण्यातच ते वारले. रुग्णालयाची इमारत 1867 साली पुरी झाली. जवळच कॅम्पात लाल विटांचं ज्यू प्रार्थनामंदिर आहे. त्याला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. डेव्हिड यांची कबर त्याच आवारात आहे.

आपल्या कोकणात मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, शेकडो वर्षांपासून राहतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ससून त्यांच्यातले नव्हेत, ते बगदादी ज्यू. पण शनिवार दोघेही पाळत. ससूनांची पेढीही त्या दिवशी बंद असे.

ज्यू लोकांत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. हा शब्द न्याय या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. म्हणजे दिलं तर उपकार नाही, ते देणंच लागतं. कमाईचा दहावा हिस्सा बाजूला काढावा अशी त्यांची जुनी रीत आहे. ससूनांच्या पेढीतही दानाची रक्कम व्यापाराच्या हिशेबातूनच वेगळी काढली जाई. त्यातून बगदादहून आलेल्या गरीब कुटुंबांच्या मुलांना शाळा मिळाली, प्रार्थनेला जागा मिळाली, आणि समाजाबाहेरच्यांसाठी दवाखानेही उभे राहिले.

हा पैसा आला कुठून, हेही सांगायला हवं. कापूस, सूत आणि अफू यांच्या व्यापारातून. अफू चीनला जायची आणि तिथली घरंच्या घरं तिने बुडवली. दवाखाना खरा आणि अफूही खरी. इतिहास सांगताना एक बाजू झाकू नये, असं आम्हाला वाटतं.

आता त्या जोडप्याकडे येऊ. डेव्हिड यांचा एक मुलगा सॉलोमन. बरीच वर्षं चीनकडचा व्यापार सांभाळून ते मुंबईच्या पेढीचे प्रमुख झाले. 1876 साली त्यांचं लग्न फ्लोरा यांच्याशी झालं. त्या त्याच घराण्यातल्या, डेव्हिड यांची पणती. त्यांचं घरचं नाव फर्‍हा, जन्म 1859 चा, मुंबईचा. लग्नात त्या सतरा वर्षांच्या, नवरा अठरा वर्षांनी मोठा. पण माहेरी धर्मग्रंथांचं आणि भाषांचं चांगलं शिक्षण झालेलं. हिब्रू, अरबी, हिंदुस्तानी, इंग्रजी त्यांना येत होती. नवऱ्याच्या हयातीतच त्या पेढीच्या व्यवहारात लक्ष घालू लागल्या.

1894 साली सॉलोमन वारले. फ्लोराबाई पस्तिशीच्या, पदरात तीन मुलं. मुंबईचा कारभार आता कुणी सांभाळायचा? तो त्यांनी स्वतः हाती घेतला. त्या काळात इतकी मोठी पेढी चालवणारी बाई दुर्मीळच. नवऱ्याबरोबर व्यवहार समजून घेतला होता, म्हणून त्या दिवशी त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.

दोन वर्षांत, 1896 साली, मुंबईत प्लेग आला. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञांनी आधी पटकीवर लस काढली होती. आता त्यांनी प्लेगवर काढली आणि जानेवारी 1897 मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. हाफकिनही ज्यूच. लोक सुईला घाबरत, नाही नाही त्या अफवा उठत. फ्लोराबाईंनी हाफकिन यांच्या कामाला पाठबळ दिलं, आणि लोकांची भीती जावी म्हणून स्वतः लस टोचून घेतली. दानात पैशाशिवाय आणखी काय देता येतं, ते यातून कळतं.

त्याच 1897 साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. आणि दुष्काळातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, म्हणून पंडिता रमाबाईंनी त्यांना आपल्या केडगावला आणलं. तिघींचे धर्म वेगळे, घरची परिस्थिती वेगळी. पण एकाच साथीत तिघीही घरात बसून राहिल्या नाहीत.

पुढे 1901 साली पेढीची लिमिटेड कंपनी झाली आणि कारभार घराण्यातल्या पुरुषांकडे गेला. सात वर्षं पेढी चालवलेल्या फ्लोराबाई त्याच वर्षी मुलांना घेऊन लंडनला गेल्या. तिथेही ज्यू समाजातल्या गरजूंना त्यांच्या घराचं दार उघडं होतं. 1924 साली तिथल्या ज्यू धर्मशिक्षणाच्या कॉलेजात वार्षिक व्याख्यान देण्याचा मान त्यांना मिळाला. बाईला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. 1936 साली त्या वारल्या.

दगडावर डेव्हिड यांचं नाव आहे, ते राहणारच. पण नवऱ्यामागे पेढी आणि दानधर्म दोन्ही चालू राहिले, ते बाईला हिशेब ठाऊक होता म्हणून. आपल्याकडे कर्जाच्या कागदावर सही बायकोची आणि पासबुक नवऱ्याच्या खिशात, असं किती घरांत आहे ते आपल्याला माहीत आहे. नवरा अचानक गेला तर कुठल्या बँकेत किती आहे, सोसायटीचं देणं किती, उसाचं बिल यायचंय का, हे तिला सांगता येत नाही.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत दोन गोष्टी करू या. बचतीच्या वहीत मदतनिधीचा एक वेगळा रकाना आखू, महिन्याला दहा रुपयांचा का असेना. आणि प्रत्येकीने घरातलं देणं-घेणं नवऱ्याबरोबर बसून एका कागदावर उतरवून आणू. लिहिता येत नसेल तिला गटातली मुलगी लिहून देईल.