कार्ल्याचे खांब आणि नगराचा ‘समाज’



दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एखाद्या गजबजलेल्या नगरात राहणारा माणूस दिवसाचे काम आटोपल्यावर काय करीत असे, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. तो गाणे कोठे ऐके, नाच कोठे पाही, आणि त्या नटनर्तकांची बिदागी कोणाच्या कनवटीतून जाई? प्रश्न वरवर हलकाफुलका वाटेल. पण ज्या लोकांच्या करमणुकीची आपल्याला काहीच कल्पना नाही, त्या लोकांना आपण ओळखतो असे म्हणता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आपणांस कार्ल्याच्या डोंगरावर नेणार आहे. यात एक विसंगती आहे, हे मला ठाऊक आहे. कार्ले हे भिक्षूंचे ठिकाण. नाचगाणी आणि तमाशे पाहू नयेत, असा त्यांच्या आचारधर्मातला एक स्पष्ट नियमच आहे. मग नगरातल्या मौजेची चौकशी करावयास विरक्तांच्या दारी कशाला जावयाचे? कारण एवढेच, की त्या काळची लाकडी घरे, रंगमंडप आणि बाजारपेठा मातीत गेल्या. त्या नगरवासीयांची नावे, धंदे आणि हौस जर कोठे टिकून राहिली असेल, तर ती या दगडात.

प्रथम त्या नगरातल्या मौजेसंबंधी लेखी पुरावा काय सांगतो, ते पाहू. त्या काळी ‘समाज’ हा शब्द आजच्या अर्थाने वापरात नव्हता. समाज म्हणजे मेळा, जत्रा, खेळ पाहण्यासाठी जमलेली मंडळी. अशोकाने आपल्या पहिल्या गिरिलेखात अशा समाजांविषयी नापसंती दर्शविली आहे. मात्र काही समाज चांगले असतात, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. कलिंगाच्या खारवेलाने हाथीगुंफेच्या लेखात याच्या उलट अभिमानाने नोंदविले आहे, की राज्याच्या तिसऱ्या वर्षी आपण नृत्य, गीत, वाद्य, उत्सव आणि समाज यांनी राजधानीचे मनोरंजन केले. आणि आपल्या महाराष्ट्रात, नाशिकच्या लेण्यात, गौतमी बलश्रीने आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची जी प्रशस्ती कोरविली, तीत त्याच्या पराक्रमांच्या जोडीला उत्सव आणि समाज भरविणारा असेही त्याचे वर्णन आहे. शक, यवन, पल्हवांचा पराभव करणाऱ्या राजाच्या आईला मुलाची ही गोष्टही सांगण्याजोगी वाटली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यापुढच्या काळात रचलेल्या वात्स्यायनाच्या कामसूत्रात तर ‘नागरक’ म्हणजे नगरवासी रसिक याच्या दिनक्रमाचे एक प्रकरणच आहे. ठरलेल्या दिवशी सरस्वतीच्या मंदिरात समाज भरावा, बाहेरगावच्या नटांनी येऊन आपला खेळ दाखवावा, दुसऱ्या दिवशी त्यांचा ठरलेला मोबदला त्यांना द्यावा, आणि मग लोकांच्या रुचीप्रमाणे त्यांना ठेवून घ्यावे किंवा निरोप द्यावा, अशी त्यात व्यवस्था आहे. गोष्ठी, म्हणजे रसिकांच्या गप्पांच्या बैठका, कशा असाव्यात हेही त्याने सांगितले आहे. तेथे फार संस्कृतही बोलू नये आणि निव्वळ देशभाषेतही बोलू नये, असा त्याचा सल्ला आहे. व्याख्यात्यांनी हा सल्ला अजूनही मनावर घेण्यास हरकत नाही.

या मौजेला लागणारा माल कोठून येई? पेरिप्लस नावाचे जे ग्रीक प्रवासवर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकातले आहे, त्यात भडोच बंदरात राजासाठी उतरणाऱ्या वस्तूंची यादी दिलेली आहे. तीत उंची मद्य, तलम वस्त्रे आणि सुगंधी लेप यांच्या बरोबरीने गाणारे गुलामही आहेत. त्याच ग्रंथात पैठण, तगर म्हणजे आजचे तेर, सोपारे, कल्याण आणि चौल यांचे उल्लेख येतात. कोकणच्या बंदरांतला माल घाट चढून देशावर येई, आणि बोरघाट चढून आलेल्या वाटसरूला मावळात शिरल्यावर जी लेणी दिसत, त्यांत कार्ले हे सर्वांत भव्य.

आता डोंगर चढून चैत्यगृहापाशी येऊ. सुमारे 124 फूट लांब, साडेपंचेचाळीस फूट रुंद आणि 46 फूट उंच अशी ही दगडात कोरलेली वास्तू भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठी मानली जाते. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा आणि स्तूपामागे सात खांब आहेत. छताच्या कमानीला लावलेल्या लाकडी फासळ्या अजून जागेवर आहेत. ओसरीच्या दोन टोकांना हत्ती उभे आहेत, जणू सारी इमारत त्यांनी पाठीवर तोलली आहे. आणि दाराच्या दोन्ही अंगांना आहेत ती स्त्रीपुरुषांची प्रसिद्ध जोडपी.

ही जोडपी देवदेवतांची नाहीत. पुरुषाच्या डोक्याला भरदार पागोटे आहे. स्त्रीच्या कानांत जड कुंडले, कमरेला मेखला, पायांत जाड तोडे आहेत. अंगाची ठेवण मोकळी आहे आणि उभे राहण्यात नाचाचा डौल आहे. सणाच्या दिवशी घराबाहेर पडलेली ही नगरातली माणसे वाटतात. आत खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेल्या हत्तींवर अशीच माणसे बसली आहेत. एखादी मिरवणूक चालता चालता थबकावी तशी.

कार्ल्याच्या समोर, मळवलीच्या रूळांपलीकडे भाजे आहे. तेथील विहारातल्या शिल्पात एक नर्तकी आणि तंतुवाद्य वाजविणारी साथीदार आहे. आजच्या तबल्याची आठवण व्हावी असे जोडवाद्य वाजविणारी स्त्रीही तेथे आहे. घाटाखाली, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेण्याच्या दर्शनी भागावर नाचणारी जोडपी कोरलेली आहेत, आणि त्यांतल्या पुरुषांच्या हाती धनुष्ये आहेत. त्याच लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, असे कारागिराने आपले व गुरूचे नाव लिहून ठेवले आहे. एका दिवसाच्या वाटेत नाच, वाद्य, वेशभूषा आणि मिरवणूक यांचे एवढे पुरावे मिळतात, तेव्हा ही लोकांची नित्याची हौस होती असे मानावयास हरकत नसावी.

पण मला आपले लक्ष विशेषतः वेधावयाचे आहे ते कार्ल्याच्या खांबांवरील लेखांकडे. ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत असलेले हे लेख लहान आहेत, पुष्कळसे एक दोन ओळींचे. एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी ते व्यवस्थित संपादून प्रसिद्ध केले. हे लेख म्हणजे, सरळ शब्दांत सांगावयाचे तर, वर्गणीदारांची यादी होय.

ती यादी वाचू लागले की सारे नगर समोर उभे राहते. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, शेठ भूतपाल याने हे शैलगृह पुरे केले, आणि साऱ्या जंबुद्वीपात ते उत्तम आहे, असे त्याने निःसंकोच लिहिले. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. धेनुकाकट नावाच्या गावाचे रहिवासी तर खांबाखांबावर भेटतात. हे गाव नेमके कोणते, यावर पंडितांचे अजून एकमत झालेले नाही. तेथला सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे अत्तरे विकणारा, दाराचा दाता आहे. तेथलाच वेणुवासाचा पुत्र सामी, धंद्याने सुतार, याचे नाव दाराच्या कामाशी कोरलेले आहे. धेनुकाकटाचे सिहधय, धम इत्यादी ‘यवन’ एकेक खांब देतात. म्हणजे ज्यांचे पूर्वज पश्चिमेकडून आले, त्यांनीही आपला वाटा उचलला, आणि गावाच्या यादीत त्यांची नावे इतरांच्याच ओळीत बसली.

सोपाऱ्याच्या सातिमिताचा एक खांब आहे. तो ‘भाणक’ होता. धर्मग्रंथ मुखोद्गत करून लोकांपुढे म्हणून दाखविणारा तो भाणक. आजच्या कीर्तनकाराचा किंवा व्याख्यात्याचा हा फार जुना भाऊबंद म्हटला पाहिजे. घुणिकाची आई कोडी ही भिक्षुणी एका कठड्याची नक्षी देते, आणि ती नंदिकाने केली, असे कारागिराचे नावही लेखात येते. आणि ज्या जोडप्यांविषयी मी आताच बोललो, त्यांतले एक जोडपे कोणी दिले? भदसम नावाच्या भिक्षूने!

येथे थोडे थांबले पाहिजे. ज्याने स्वतः नाचगाणे वर्ज्य केले, त्याने नगरातल्या रसिक जोडप्याचे शिल्प उपासनागृहाच्या दारी उभे करविले. याचा अर्थ विद्वान निरनिराळे लावतात. मंगल चिन्ह म्हणून, समृद्धीचे प्रतीक म्हणून. मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. भिक्षूने आपल्यापुरता आनंद सोडला होता. दुसऱ्याचा आनंद त्याने अपवित्र मानला नव्हता. जे नगर त्याला भिक्षा घालीत होते, त्याचा चेहरा त्याने दारावर राहू दिला. पुढच्या शतकांत त्याच भिंतीवर, जोडप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. जोडपी तरीही जागेवर राहिली.

मग राजांनी काय केले? त्यांनीही दिले. नहपानाचा जावई उषवदात याने येथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले. पुढे सातवाहनांच्या आज्ञेनेही त्या गावाचे उत्पन्न इकडे लावले गेले. ही दाने मोठी खरीच. पण खांब उभे राहिले ते सुतारांच्या, अत्तरविक्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षुणींच्या देणग्यांवर. राजाश्रयाने भिक्षूंची चूल पेटती राहिली. कलाकृती मात्र लोकाश्रयाची आहे.

हा भेद पुढच्या इतिहासातही दिसतो. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते तेथल्या संस्थानिकांच्या आश्रयाने. तो आश्रय सरल्यावर नाटक मेले नाही. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, आणि 1853 मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमी खऱ्या अर्थाने नगराची झाली ती तेव्हा. 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्यामागे कोणाचे सिंहासन नव्हते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर पडून दोन तास ऐकत बसण्याची तयारी असलेले नागरिक तेवढे होते. अशी मालिका आज गावोगाव चालते, ती याच बळावर.

आणि कार्ल्याचा तो जुना समाज तरी संपला कोठे? चैत्याच्या दाराशीच एकवीरा आईचे देऊळ आहे. दर चैत्रात कोकणपट्टीतले कोळी, आगरी आणि इतर भक्त पालख्या घेऊन, वाजतगाजत, नाचत हा डोंगर चढतात. दोन हजार वर्षांपूर्वीची दगडी जोडपी आणि आजची नाचणारी जोडपी त्या दिवशी एकाच अंगणात असतात. धर्म बदलले, देवता बदलल्या, वेश बदलला; वसंतात एकत्र जमून गाण्यानाचण्याची माणसाची गरज बदलली नाही.

तेव्हा ‘समाज’ या शब्दाचा प्रवास मला अर्थपूर्ण वाटतो. खेळ पाहण्यासाठी जमलेल्या लोकांना जो शब्द होता, तोच पुढे एकत्र जगणाऱ्या लोकांना लागला. एके ठिकाणी बसून ऐकणे, पाहणे, दाद देणे यातूनच परक्यांची ओळख होते. धेनुकाकटचा यवन आणि तेथलाच सुतार एकमेकांच्या घरी जेवत होते की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. एका छताचे खर्च मात्र त्यांनी वाटून घेतले, आणि ते लिहून ठेवलेले आहे.

आज आपल्या शहरांत करमणुकीची वाण नाही. घरबसल्या, एकेकट्याने, हवे तेव्हा हवे ते पाहण्याची सोय आहे. त्या सोयीला मी नावे ठेवीत नाही. परंतु अशा करमणुकीत माणूस केवळ गिऱ्हाईक असतो, वर्गणीदार होत नाही. आपल्याशिवाय हे उभे राहणार नाही, ही जाणीव गेली, की गावातले वाचनालय, नाट्यगृह, गायनसभा, सारी एकेक करून ओस पडू लागतात. मग आपण सरकारने काय केले, असे विचारतो. तो प्रश्न योग्यच आहे. पण तो करजिक गावाचा प्रश्न झाला. खांबांचा प्रश्न आपल्याकडेच राहतो.

शेवटी एक गोष्ट सांगतो. आपल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर येणारे काही लोक भिंतींवर खिळ्याने, कोळशाने स्वतःची नावे लिहून जातात. 1958 च्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारके विद्रूप करणे हा गुन्हा आहे, पण कायद्यापेक्षाही मला त्यातला विरोधाभास बोचतो. कार्ल्याच्या खांबांवरही नावेच आहेत. सामी सुताराचे आहे, सिंहदत्त गंधिकाचे आहे, कोडी भिक्षुणीचे आहे. त्यांनी आधी काही दिले, मग नाव कोरले. आपण लोणावळ्याकडे जाल तेव्हा कार्ल्याला अवश्य थांबा, पायऱ्या चढा, आणि त्या खांबांवरची अक्षरे हात न लावता जवळून पाहा. खाली उतरल्यावर आपल्या गावातल्या कोणत्या खांबाला आपला हातभार लागला आहे, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.